पेंडीच्या पोत्यातले इन्सुलिन

मी, सत्यभामा बंकट कोकरे, वय ६८, सेवानिवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका, अविवाहित, राहणार केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नातेवाइकांचे मत निराळे आहे. ते जोडलेले नाही.

१. माझा प्रबंध, 'उंदीर व माणूस यांच्यातील इन्सुलिन जनुकाच्या रचनेची तुलना'. पाने ३१२, वाचक दोन, त्यांपैकी एक टंकलेखक. याची नवी प्रत माझ्या माजी विभागप्रमुखांना द्यावी. जुनी प्रत खुर्ची उंच करण्यात झिजली असेल.

२. उंदरांचे रिकामे पिंजरे धाकटा भाऊ शहादेव यास. तो नांदूरघाटला शेळ्यामेंढ्या राखतो. त्याची मुलगी सुकन्या हिला अकराव्या वर्षी मधुमेह झाला, तेव्हा तो म्हणाला होता, "आक्का, तू उंदरं हाताळलीस. त्येचाच रोग पोरीला लागला." घराण्याने हा शोध एका बैठकीत मान्य केला. माझ्या प्रबंधाला नऊ वर्षे लागली होती.

तरी पुन्हा लिहून ठेवते. उंदराकडे इन्सुलिनची दोन जनुके असतात, माणसाकडे एकच. जनुकातल्या कामाच्या मजकुरात मधेमधे बिनकामाचे तुकडे येतात, लग्नातल्या सत्कारांसारखे. माणसाच्या जनुकात असे दोन, उंदराच्या एका जनुकात दोन, दुसऱ्यात एक. सुकन्याचे जनुक ठणठणीत आहे. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीराने मारल्या. यात उंदीर निर्दोष आहेत, मीही.

३. गेल्या महिन्यात बावीस वर्षांच्या सुकन्याला बघायला पाहुणे आले. इन्सुलिनच्या बाटल्या त्यांना दिसू नयेत म्हणून त्या फ्रिजमधून काढून, पत्र्याच्या शेडात पेंडीच्या पोत्यात लपवल्या गेल्या. कोणी लपवल्या असे विचारले की सगळे घर शेळ्यांकडे बघते. उन्हाने औषध नासले. पोरीने तेच टोचून घेतले आणि तिसऱ्या दिवशी बेशुद्ध पडली. पाच दिवस बीडला दवाखान्यात होती. उद्या पुन्हा दुसरे पाहुणे येत आहेत. ही मुलगी लाजेपायी मरेल अशी मला भीती वाटते. हे वाक्य मला चेष्टेत लिहिता आले नाही.

४. केजचे माझे स्वकष्टार्जित घर, फ्रिजसह, सुकन्या हिला पूर्ण मालकी हक्काने. तिचे लग्न झाले तरी, न झाले तरी, मोडले तरी.

५. शहादेवने साक्षीदार म्हणून पुढील वाक्याखाली सही करावी. न केल्यास सुकन्याचे काही अडणार नाही, दुसरा साक्षीदार मिळेल. तोंडून निघत नाही ते त्याने हाताने तरी कबूल करावे, एवढेच.

सुकन्या शहादेव कोकरे हिला मधुमेह आहे. ती रोज चार वेळा इन्सुलिन घेते.

स्थळ: केज. दिनांक: १७ मे २०२५.
सही: सत्यभामा बंकट कोकरे

साक्षीदार १: वासिफ मैनुद्दीन शेख, शेजारी, फ्रिज दुरुस्ती, केज. (सही)

साक्षीदार २: शहादेव बंकट कोकरे, नांदूरघाट. (सही)
सहीखाली त्याच्याच अक्षरात:
वाचलं. बाटल्या म्याच लपविल्या. पाव्हण्यास्नी आत्ताच फोन लावून इंजेक्शनचं सांगितलं. येत न्हाई म्हणले. ऱ्हाऊ द्या.