अंजिराच्या सालीखालचं हिरवं

चि. मल्लेश्वरीस भालकीहून आजोबाचे पोटभर आशीर्वाद. तिकडे कडगंचीला होस्टेलात ऊन फार आहे का? डोक्याला तेल लावतेस ना? आम्ही दोघं ठीक आहोत (माझी बोटं सुजली आहेत, कारण खाली येईल). फोनच केला असता, पण तुझी आजी शेजारी बसून ऐकते आणि मधेच तोंड घालते.

शिकायला जाताना तू अंगणात अंजीर लावून माझ्या स्वाधीन केलंस. मी जन्मभर कापड विकलं, मला झाडातलं काय कळणार? थंडीत त्याची सगळी पानं गळाली आणि मला वाटलं, झाड मेलं. मग शेजारचा काशप्पा आला, नखानं साल खरवडली आणि म्हणाला, "भिऊ नका अण्णा, खाली हिरवं हाय. जित्तं हाय." तूही मागे म्हणाली होतीस, वरच्या कातडीखाली आणखी एक थर असतो, जनावरालाही आणि झाडालाही. (मी माझ्या दंडाला चिमटा घेऊन पाहिला, हाडच लागलं. तुझ्या आजीच्या दंडावर थर भरपूर सापडला, पण त्यापुढचं लिहीत नाही.)

तो दिवस बरा गेला. पण काल हिरवं होतं म्हणून आज असेलच कशावरून? मी रोज चहाच्या आधी खरवडून बघू लागलो. संध्याकाळी राहवेना, म्हणून पुन्हा. दूधवाला, गिरणीवाला, जो येईल तो काळजीनं एकेक नख लावून जाऊ लागला. आता खोडाला खरवडायला जागा नाही, आणि जिथं हिरवं दिसलं होतं तिथं सगळं तपकिरी पडलंय. चिकानं माझ्या बोटांची ही गत केली. आजी म्हणाली, "अवो, कामून सोलायलात त्याला? तुमाला असं रोज सोलून बघितलं तर तुमी तरी ऱ्हाल का?" मग मी त्याला शेण लावून माझं जुनं धोतर गुंडाळलं. बाळ, तुझ्या हातचं झाड आहे, माझ्या हातानं जाऊ नये. रविवारी येऊन बघ. रागावू नकोस.

तुझा आजोबा,
हणमंतप्पा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आजीनं हाक मारली. अंजिराला अगदी बुडाशी दोन कोंब आलेत. गुडघ्यामुळे मला तिथवर वाकता येत नाही, म्हणून तेवढी साल वाचली.

दुसरा ता. क. झाड जगलं म्हणून यायचं रद्द करू नकोस. दिवाळीपासून तू आली नाहीस. वरचा ता. क. वाचलाच नाही असं समज आणि ये.