चांदणगवताच्या सरळ ओळी

आदरणीय सोतवोल्दी-आका यांना मार्गिलानहून आपला मेहुणा तुर्गुनबोय याचा, छातीवर हात ठेवून सलाम. आपले गुडघे कसे आहेत? कोकंदचा तो वारा थांबला का? गाय व्याली का? आपली बहीण हुरीनिसा खुशाल आहे. म्हणजे रागावलेली आहे, पण प्रकृतीने खुशाल.

नवरोज तीन आठवड्यांवर आला आणि अंगणात जर्दाळूखाली चांदणगवत फुललं. आपण शेतीखात्यात आयुष्यभर हेच तण उपटायला लावलंत, तेव्हा भीत भीत लिहितो, की इतकं शहाणं झाड मी पाहिलं नाही. त्याच्या देठावर बारीक केसांची एकच ओळ असते, आणि पेर आलं की ती बाजू बदलते. वर्गात एक चरण या बाकाने म्हणावा आणि दुसरा त्या बाकाने, तशी. आभाळ भरून आलं की फूल मिटून बसतं. पाकळ्या दहा. (आमच्या चौथीच्या गुरुजींनी ‘दहा पाकळ्यांची चांदणी’ अशी स्वतःची कविता पाठ करून घेतली होती. शेवटचं कडवं गेलं. म्हणताना खिडकीतून येणारा ओल्या मातीचा वास मात्र राहिला.) शिवाय माझा लावा पक्षी याचा पाला खाल्ल्याशिवाय गळा उघडत नाही, आणि चायखान्यात सगळ्यांचे पक्षी गात असताना आपला मुका पिंजरा घेऊन बसणं काय असतं, ते आपण जाणता.

तर धाकट्याची बायको मोहिदिल महिन्यापूर्वी घरात आली. नव्या सुनेने पहाटे अंगण झाडायचं आणि गल्लीने ते पाहायचं, ही रीतच. गवत फुललं त्याच दिवशी पोरीने अंगण आरशासारखं केलं आणि चांदणगवताचा ढीग राखेच्या खड्ड्यापाशी टाकला. आता महिन्याच्या सुनेला सासऱ्याने ‘काम करू नकोस’ असं कोणत्या तोंडाने सांगावं? मी दुपारी बायका तंदूरपाशी गेल्या की ढिगातल्या काड्या उचलून परत लावू लागलो. (पेर मातीला टेकलं की मूळ धरतं. काय चिवटपणा!) ती उपटायची, मी लावायचो. असे अकरा दिवस.

या कवितेत हुरीनिसाचा चरण मी धरलाच नव्हता. रोज हिरवं अंगण पाहून तिने ठरवलं की पोरगी आळशी, किंवा तिच्या हातालाच बरकत नाही. आधी घरभर धुरी फिरवली, मग शेजारणींचा सल्ला घेतला आणि शेवटी जाहीर केलं, की गुरुवारी विहीणबाई येतील तेव्हा लेकीला चार महिने परत न्या, झाडायला शिकवून पाठवा असं सांगणार. असं परत गेलेल्या सुनेचं गल्लीत काय होतं, ते लिहीत नाही. मोहिदिल तंदूरपाशी डोळे पुसत होती, आणि ते धुराने नव्हतं.

काल दुपारी मी मातीत बसलेला असताना मागून ती म्हणाली, “बाबा, तण कधी सरळ ओळीत उगवतं का?”

मी पाहिलं. अकरा दिवस मी दोन दोन चरणांनी, मध्ये सारखी जागा सोडून लावत आलो होतो. मी मान खाली घातली. ती रागावेल असं वाटलं, पण शेजारी उकिडवी बसली आणि एक फूल खुडून तिने माझ्या तळहातावर ठेवलं. “आणि पाकळ्या पाचच आहेत. एकेक बुडापर्यंत चिरलेली असते, म्हणून दहा वाटतात. कॉलेजात भिंगाखाली पाहिलंय मी.” एकसष्ट वर्षं मी चुकीचं म्हणत होतो, आका, आणि मला इतका आनंद व्हावा?

आपला,
तुर्गुनबोय

ता. क. आपल्या बहिणीला फक्त आपलंच पटतं. तेव्हा गुरुवारच्या आत तिला एवढंच लिहा, की या तणाचं बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं, कोणत्याही सुनेच्या हाताने ते संपत नाही. हे खरंच आहे. फक्त माझं नाव घेऊ नका.

ता. क. दुसरा. मोहिदिलने वरचं वाचलं. म्हणाली, “मामांना अर्धवट खरं लिहायला लावू नका. आईंना तुम्हीच सांगा.” सांगितलं. हुरीनिसाने चहा पार निवू दिला, मग सुनेला जवळ बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला म्हणाली, “नवरोजपर्यंत अंगण तुम्ही झाडायचं. सगळ्या गल्लीदेखत.” तेव्हा ते पत्र नको. आज पहिला दिवस झाला. इथले झाडू हातभरच असतात. पूर्ण वाकल्याशिवाय झाडताच येत नाही, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. कोकंदच्या बाजारात लांब दांड्याचे मिळतात म्हणे. दोन पाठवा.