एक कान उघडा

१४ नोव्हेंबर, रविवार

ती. बाबा,

नमस्कार. मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. आईने विचारायच्या आधीच सांगून टाकलं, म्हणजे ती हे पत्र तुमच्या हातातून ओढून घेणार नाही.

ताईच्या लेकीला सेफ्टीची पदवी घ्यायची आहे आणि पुढे काय मिळतं ते मावशीला विचारा, असा तिचा निरोप मिळाला. तिला सांगा, नोकरीला तोटा नाही. कारखाने, बांधकामं, बंदरं, इस्पितळं, विमा कंपन्या, सरकारी तपासनीस. काम करताना माणसाला जिथे इजा होऊ शकते तिथे आपल्याला जागा आहे. पगारही बरा. मात्र कुणाची लाडकी व्हायची हौस असेल तर दुसरं काहीतरी शिक म्हणावं. इथे रंगाच्या कारखान्यात मी पाऊल टाकलं की सिगारेटी विझतात आणि हेल्मेटं डोक्यावर चढतात. मुकादम मला तोंडावर मॅडम म्हणतो, पाठीमागे सासूबाई. आणि वर्षभर कुणाला काही झालं नाही, की साहेब विचारतात, मग तुम्ही नेमकं करता काय?

तिला एवढं पुरे. पुढचं फक्त तुमच्यासाठी.

'आपल्या कारखान्यात सेफ्टीची जागा निघाली आहे म्हणे,' असं तुम्ही मागच्या पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंत. म्हणे काय, बाबा? फाटकावरच्या वॉचमनकडून तुम्ही सगळी माहिती काढली असणार. मी अर्ज केला होता. मंगळवारी मुलाखतीला येऊनही गेले. घरी आले नाही. रागावू नका, आधी वाचा.

आपलं फोनवरचं बोलणं संपल्यापासून मला ही खोली खायला उठते. शेवटच्या फोनवर मी बाबा, बाबा करत होते आणि तुम्ही, "कोण बोलतंय? घरात कुणी नाही, नंतर करा," म्हणून ठेवून दिलात. तुमच्या समोर बसलं की ओठांवरून तुम्हाला माझं सगळं कळतं. मला तेवढंच हवं आहे, रोज. त्या जागेसाठी मी इतकी आसुसले होते, की जेवायच्या सुट्टीत घरी यायचं हेही ठरवून टाकलं होतं.

जागा जवळजवळ माझीच होती. मग तिथल्या साहेबांनी मला पत्रे ठोकणाऱ्या प्रेस खात्यात फिरवलं. तिथे बोलणं शक्यच नव्हतं, आवाज छातीत बसत होता. तुमच्या प्रेसवर आता एक चष्मेवाला आहे. डाव्या कानात कापसाचा बोळा, उजवा कान उघडा. दुसरा बोळा कुठे, मी खुणेने विचारलं. तो हसला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला, "मशीन काय म्हणतंय ते ऐकायला नको?"

तुमचंच वाक्य, बाबा. ऐटही तुमचीच. तुम्हीच शिकवलंत ना त्याला?

वर आल्यावर साहेबांनी कागद पुढे केला. सगळी खाती कामाला सुरक्षित आहेत, अशी रुजू होतानाची पहिली सही. मी म्हणाले, प्रेसभोवती आवाज कोंडणाऱ्या पेट्या बसवा, ठोका चुकला तर दिवा लागेल असं करा, म्हणजे कान उघडा ठेवावा लागणार नाही. मग सही करते.

"आधी रुजू तर व्हा," साहेब म्हणाले, "मग बघू."

गप्प बसून सही करता आली असती. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी पेन उचललंसुद्धा. पण डोळ्यांसमोर तुम्ही आलात, आणि मी ते खाली ठेवलं.

फाटकाबाहेर येऊन रडले. तसल्या तोंडाने घरी आले असते, तर तुम्ही एका नजरेत ओळखलं असतं. काल नकार आला. म्हणजे मी आता काही तिकडे राहायला येत नाही. फार वाईट वाटतंय, बाबा. वाटतंय ते लिहिते, लपवत नाही.

तो चष्मेवाला तुम्हाला मानतो. एक दिवस काम सुटताना त्याला फाटकावर गाठा आणि दुसरा बोळा घालायला सांगा. शिकवणारे तुम्ही होतात, तेव्हा ती सवय मोडायलाही तुम्हीच हवेत. माझं तो ऐकणार नाही. आणि तिथे मी नाही, तुम्ही आहात.

अजून लांबच असलेली,
तुमची धाकटी