एकाच रिळावर दोनदा

दादा,

स्वतःच्या लेकीच्या लग्नाला तू आला नाहीस. जावई तुझ्या पसंतीला उतरला नाही. तसा तुझ्या पसंतीला उतरणारा माणूस अजून जन्मायचाच आहे.

तिला लग्नाचं चित्रण आपल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर हवं होतं, म्हणून मीच तो चालवला. कपाटातलं रीळ कोरं समजून घातलं आणि घोळ झाला. त्यावर मीच वीस वर्षांपूर्वी तुम्हा दोघांना टिपलं होतं, ती सायकल शिकत असताना, आणि ते धुवायचं राहूनच गेलं होतं.

रीळ धुऊन आलं, तर दोन्ही चित्रं एकात एक. नवरी हॉलमध्ये शिरतेय आणि बनियनवर धापा टाकत, सीट धरून, तू तिच्यामागे धावतोयस. थेट व्याह्यांच्या पोटातून आरपार.

मी माफी मागायला गेले, तर म्हणाली, "आत्या, गप्प बस. पुन्हा लाव."

तिसऱ्यांदा बघून हळूच म्हणाली, "रीळ संपलं, पण बाबांनी सीट सोडली नाही गं."

उद्या ती तुला फोन करणार आहे. म्हणून हे पत्र टाकत नाही. आधी कळलं, तर तू उत्तर पाठ करून बसशील.

तुझी घोळ घालणारी,
धाकटी