पुढच्या उमेदवारासाठी एक खुर्ची

मी, खुक थी थोआन, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, राहणार नामदिन्ह, व्हिएतनाम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे, याची आमच्या वॉर्डाच्या अध्यक्षांनाही खात्री आहे.

१. राहते घर मुलगी झिएप हिला द्यावे. खालची जमीन कायद्याने सरकारची, वापरण्याचा हक्क तेवढा आपला, तोही तिलाच. पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर तिच्या वडिलांचा फोटो आहे, तो हलवू नये.

२. शिलाई मशीन व कात्र्या भाचीला. मोठ्या कात्रीने कागद कापल्यास माझा तळतळाट लागेल.

३. माझी लाकडी खुर्ची वॉर्ड कार्यालयाला. याचे कारण नमूद करणे भाग आहे.

गल्लीमागचे तळे कोणालाही न विचारता बुजवले गेले आणि पावसाचे पाणी आमच्या चुलीपर्यंत येऊ लागले. तेव्हा वॉर्डाच्या निवडणुकीसाठी मी स्वतःच अर्ज भरला. सत्तेतल्या कम्युनिस्ट पार्टीच्या यादीबाहेरचा तो एकटाच अर्ज. झिएप म्हणाली, "आई, कशाला ही नसती उठाठेव?" मी म्हटले, "पाणी तुझ्या नाही, माझ्या चुलीत शिरतंय."

नाव मतपत्रिकेवर जावे की नाही, हे शेजाऱ्यांनी हात वर करून ठरवायचे असते. त्यासाठी बैठक भरली. सगळे बसले, मला उभे ठेवले. समोरच्या घरातली लुआ, माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, उठून म्हणाली, "थोआनताई भांडखोर आहे. कचरासुद्धा वेळेवर टाकत नाही." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या मुलाची सरकारी नोकरी मला ठाऊक होती.

"थोआनबाईंच्या बाजूने कोण?" अध्यक्षांनी विचारले.

एकच हात वर झाला. माझे यजमान तिएम. लष्करात ट्रक चालवलेला, जन्मभर पार्टीचा माणूस.

"तिएमदादा, हात खाली घ्या," अध्यक्ष हळूच म्हणाले, "चुकून वर गेला असेल."

"हात माझा आहे. चुकून जात नाही."

महिन्याभरात पार्टीने त्यांना काढून टाकले. घरी येऊन ते एवढेच म्हणाले, "थोआन, इतकी वर्षं नुसता हात वर करत आलो. मत आत्ता दिलं." माझे नाव मतपत्रिकेवर आले नाही. पुढच्या वर्षी गटार मात्र मुकाट्याने खणले गेले.

तरी यापुढे जो कोणी स्वतःहून उभा राहील, त्याला बैठकीत या खुर्चीवर बसवावे.

४. यजमानांच्या अंत्यविधीला पार्टीचे पुष्पचक्र आले नाही. माझ्या वेळी आलेच, तर परत पाठवू नये. फुलांचा काय दोष?

५. लुआला काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, आणि साक्षीदार मला तीच हवी होती. कालच तिला बोलावून हे सगळे वाचून दाखवले. ती बराच वेळ रडली.

मी म्हटले, "विचार कर. वॉर्डात विचारतील, थोआनच्या कागदावर तुझं नाव कसं?"

"विचारू देत," ती म्हणाली. "ताई, पेन कुठंय?"

ठिकाण : नामदिन्ह
दिनांक : ९ नोव्हेंबर २०१९

लिहून देणार : खुक थी थोआन (सही)

साक्षीदार :
१. दोआन वान खिएम, गल्लीतील चहावाले (सही)
२. लुआ, समोरच्या घरातली (सही. अक्षर तिचेच आहे.)