कडीवरचा चंदेरी रंग

प्रिय साई,

फोन केला असता, पण तुझं ते नुसतं 'हं, हं' ऐकत हे सांगता आलं नसतं.

आपली होडी ताडपत्रीखालून काढली आहे. आबांना ऐंशी पूर्ण झाली आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, शिडावर एकदा खाडीतून गायमुखापर्यंत जायचंय. कोलशेतला आता शीड कुणाकडे आहे रे? सगळ्यांकडे इंजिनं. होडी दुरुस्त करायला पंढरीकाकांना बोलावलं, तर आधी हसले; बाप म्हातारा झाला नि लेक येडी झाली म्हणाले. मग हातोडा घेऊन आले. लाकूड शाबूत आहे, लोखंड मात्र सगळं गंजलंय. कप्प्या, खिळे, डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या दोरांच्या कड्या, सगळं नवीन घालायचं. कड्या माजिवड्याच्या एका वर्कशॉपमधून करून आणल्या.

जुनं लोखंड खरवडायचं काम मी मागून घेतलं. दुपारी भरती होडीखाली येते, समोरच्या टॉवरांची सावली पाण्यात हलते, आणि होडी ठोकळ्यांवर असूनही डुलल्यासारखी वाटते. रंगाचे पापुद्रे निघत जातात. दर नारळी पौर्णिमेचा एक थर. सगळ्यांत वर चंदेरी, त्याखाली निळा, त्याखाली केशरी, त्याखाली तू दहावी झालास त्या वर्षीचा हिरवा. त्यात तासन् तास जातात. वाटतं, आई आत्ता किनाऱ्यावरून जेवायला हाक मारेल.

चंदेरी आपण एकदाच लावला, बावीस वर्षांपूर्वी. मला पाहायला लोक येणार होते आणि आपली होडी त्यांना मिरवणुकीत दिसावी अशी माझी हौस. लोखंड रंगवायचं काम माझं. उजव्या कडीला केसाएवढी चीर होती. मी बोट फिरवून पाहिली. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी होडी पाण्यात घातली नसती. मी चिरेवर रंगाचे दोन हात दिले.

महिन्याभराने तू शिडाचा दोर खेचलास, ती कडी तुटली आणि डोलकाठी आबांच्या खांद्यावर आली. सगळे म्हणाले, पोराने हिसका मारला. आबाही तेच म्हणाले. तूही तेच धरून बसलास, टिटवाळ्याला निघून गेलास, आणि सणाला आलास तरी खाडीकडे पाठ करून बसतोस. मी तेव्हा लग्न मोडेल म्हणून गप्प राहिले. नंतर कशासाठी, ते मलाच सांगता येत नाही.

तुटक्या कडीचा अर्धा भाग अजून होडीलाच होता. परवा तो काढला. तुटलेल्या जागेत, आत खोलवर, चंदेरी रंग उतरलेला आहे. साई, कडी तुझ्या हिसक्याने तुटली नाही. ती आधीच तुटलेली होती, आणि ते मला माहीत होतं.

काल तो तुकडा आबांच्या हातात ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, अजून पाहत नाहीत. मग फक्त एवढंच म्हणाले, "साईनाथला रविवारी सुट्टी असते ना? त्याला कळव. मला त्याच्याशी बोलायचंय." म्हणून हे पत्र. माझ्यासाठी येऊ नकोस. त्यांच्यासाठी ये.

तुझीच,
वर्षाली