मारिबेल उठते तेव्हा

बांतायान बेट,
११ मार्च

प्रिय मानांग फेलिसा,

तुझ्या गुडघ्याला आता आराम असेल. इकडे सगळं बरं आहे. तुझ्या मेहुण्याच्या, एलमरच्या होडीची डागडुजी झाली, आमची डुकरीण पुन्हा गाभण आहे, आणि मारिबेलचा पुढचा दात पडला.

तुझा निरोप मिळाला. सोमवारी पहाटे मासे चिरायला आले नाही, तर पाटावरची माझी जागा दुसरीला देणार म्हणालीस. वर सगळ्या बायकांसमोर हेही म्हणालीस, "सरकारनं आमच्या धाकटीला महाराणी केलंय. ऊन अंगावर आल्याशिवाय बाईसाहेबांना जाग येत नाही!" आधी हसू आलं, मग रागही आला. तू माझी थोरली बहीण, माझी मानांग, तू तरी असं बोलू नये.

पोरगी रोज शाळेत जाते, म्हणून सरकारची ती मदत दर महिन्याला मिळते. तिच्यातून तांदळाची सोय झाली, तेव्हा पहिल्यांदाच मनात आलं, उद्या जाऊच नये. डोकं दुखतंय असं तुला कळवलं. ते दुखत नव्हतं.

मासे रात्री येतात आणि सूर्य वर यायच्या आत चिरून जाळीवर पडावे लागतात, हे मला तूच शिकवलंस. म्हणून मी रोज अंधारात निघायचे. मारिबेल आठ वर्षांची झाली, पण तिला झोपेतून उठताना मी कधी पाहिलंच नव्हतं!

त्या सकाळी जाग आली तरी तिनं डोळे उघडलेच नाहीत. हात लांब करून माझी जागा चाचपली. तिथं माझा माशांच्या वासाचा जुना झगा असतो. तो ओढून ती रोज तोंडावर घेते म्हणे. त्या दिवशी हाताला मी लागले. ताडकन उठून बसली.

"आई, ताप आलाय तुला?"

"नाही गं."

"मग मावशीनं हाकललं?"

"छे! नुसती बसलेय."

"नुसती?" घरात बिशप येऊन बसल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत आडवी झाली आणि डोळे गच्च मिटून म्हणाली, "थांब हं. मी पुन्हा उठते."

माझ्या अंगावर काटा आला, मानांग. एवढं मोठं काहीतरी माझ्या घरात रोज घडत होतं, आणि मी तिकडे माशांचे काटे टोचून बोटं सुजवून घेत होते.

त्यानंतर मी कपडे धुतले, असं लिहिणार होते. खोटं कशाला? काहीच केलं नाही. आम्ही दोघी कॉफीत पाव बुडवून खात बसलो. उन्हाची तिरीप चुलीपाशी आली तरी बसलोच होतो.

तेव्हा सोमवारी मी पहाटे येणार नाही. तिला शाळेत सोडून येईन, वाळत घातलेले मासे उलटायला आणि भरायला. त्याची मजुरी कमी, ठाऊक आहे. पाट दुसरीला दे.

एकच विचारते, रागावू नकोस. तुझा रोमेल आता जहाजावर गेला. लहानपणी तो झोपेतून कसा उठायचा गं?

आठवत नसेल, तर एक पहाट तुझं मासे वाळवायचं अंगण दुसऱ्या कुणाच्या हाती सोपव आणि इथं मुक्कामाला ये. मारिबेलला सांगून ठेवलंय. ती तुझ्यासाठी पुन्हा उठेल.

पाट सोडलेली, पण तुला न सोडलेली,
नोरिता